शिवराई ओळखावी कशी?

अलिबाग, रेवदंडा, श्रीवर्धन या बाजूच्या एखाद्या जुन्या घरीं देव्हाऱ्यांत शिवराई आढळली, कीं ती खुद्द शिवछत्रपतींच्या काळची अशी समजूत सहज होते. परंतु हें तांब्याचें नाणें पेशवाईंतही त्याच नांवानें पाडलें जात असे. चौकोनी भोकाच्या जुन्या चिनी नाण्यावर बहुधा बादशहाच्या कारकीर्दीचें नांव असतें व त्यावरून काळ कळतो. शिवराईवर मात्र पिढ्यान् पिढ्या एकच नांव!

मग पारख कशी करावी? इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवराईवर एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्र पति’, भोंवतीं ठिपक्यांचें कडें, आणि वजन सुमारें तोळाभर. ‘छत्र’ व ‘पति’ यांमध्यें दोन आडव्या रेघा असल्यास ती ‘दुदांडी’, म्हणजे उत्तरकालीन. वजन बरेंच कमी व अक्षरें बिघडलेलीं असल्यासही तसेंच समजावें.

पूजेच्या उपकरणांबरोबर ही शिवराई चिंचेनें घांसण्याची चाल मात्र गृहिणींनीं अवश्य सोडावी. घांसण्यानें अक्षरें झिजतात, आणि सारा पुरावा त्या अक्षरांतच असतो. नाणें उत्तरकालीन ठरलें तरी खंत नको. कारभारी बदलले, तरी बाजारांत नाणें महाराजांच्याच नांवाचें चाललें. एवढ्याचसाठीं तें जपून ठेवण्याजोगें आहे.