ऑपेरा हाऊस : खुर्चीचा हिशेब आणि पायऱ्यांचा प्रश्न

मुंबईच्या व्यापारी जगात 'ऑपेरा हाऊस' म्हटले की अनेक वर्षे हिऱ्यांचा बाजार डोळ्यांपुढे येत असे. पंचरत्न इमारतीत आणि तिच्या आसपास हिऱ्यांचे सौदे होत. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर त्यातील बराच धंदा तिकडे गेला. परंतु ज्या इमारतीवरून या भागाला नाव मिळाले, ते चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस आजही उभे आहे. या नाट्यगृहाचा इतिहास म्हणजे व्यापाराचाच एक धडा आहे.

ते उभारण्याची कल्पना १९०८ च्या सुमारास पुढे आली. कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीत नाव कमावलेले जहांगीर फ्रामजी कराका हे त्यामागील दोन भागीदार. एकाला खेळ ठाऊक होता, दुसऱ्याला पैसा. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा इमारत पुरी झालेलीही नव्हती. पुढे येथे परदेशी ऑपेरा झाले, तसेच बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासारखे कलावंतही या रंगमंचावर उभे राहिले.

गिऱ्हाईक बदलले की दुकान बदलते. १९३१ मध्ये गिरगावातील मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा बोलपट लागला आणि प्रेक्षक पडद्याकडे वळला. १९३५ च्या सुमारास ऑपेरा हाऊसचेही सिनेमागृह झाले. १९५२ मध्ये ही वास्तू गोंडलच्या महाराजांकडे आली. पुढे सिनेमाचाही धंदा बसला आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. तब्बल २३ वर्षे कुलूप होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली.

न विकलेली खुर्ची

येथे सुमारे पावणेसहाशे खुर्च्या आहेत. तुर्भ्याच्या बाजारात आज न खपलेला कांदा उद्या विकता येतो. नाट्यगृहाची खुर्ची मात्र पडदा उघडताच नासते. ती गोदामात ठेवता येत नाही. वीज, नोकरवर्ग, डागडुजी यांचा खर्च तर प्रेक्षक असो वा नसो होतच राहतो. म्हणून जो प्रेक्षक तिकीट घ्यायला तयार असूनही पायऱ्यांमुळे घरी राहतो, तो थेट तोटा आहे. तो एकटा राहत नाही. आजोबांना बाल्कनी चढवत नाही म्हणून मुलगा, सून आणि नातवंडेही बेत रद्द करतात. चार-पाच तिकिटे एका जिन्यापायी जातात.

शंभर वर्षांपूर्वीच्या नाट्यगृहांत वरचे मजले, अरुंद वाटा आणि उंच पायऱ्या ही नित्याची बाब होती. वारशाला धक्का न लावता उतरती फळी, कठडा, चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी जागा या सोयी करता येतात. हा केवळ दयाधर्माचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार जनतेच्या वापरातील खासगी सांस्कृतिक इमारतीसुद्धा 'सार्वजनिक इमारती'त मोडतात. २०१७ मध्ये नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या इमारती सुगम करण्याची मुदत होती. सुगमतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले.

तळवलीहून जायचे झाल्यास

घणसोली किंवा रबाळे स्टेशनवरून ठाणे, तेथून दादर आणि दादरहून पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाडीने चर्नी रोड. जलद गाडी तेथे थांबत नाही. ठाणे आणि दादर येथे पूल ओलांडावे लागतात, म्हणून वृद्ध सोबत असल्यास हाती वेळ ठेवावा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्याने गिरगावचे मेट्रो स्टेशनही उपयोगी पडते. निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी.

केवळ इमारत पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. कार्यक्रम नसताना आत प्रवेश मिळेलच असे नाही. तिकीट काढण्यापूर्वी पाच प्रश्न जरूर विचारावेत : टॅक्सी दारापर्यंत येते का? रस्त्यापासून आसनापर्यंत पायऱ्या किती? वर जाण्यास लिफ्ट आहे का? चाकाची खुर्ची कोठे उभी करता येईल? आणि प्रसाधनगृह त्याच मजल्यावर आहे का?

हे प्रश्न वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहालाही विचारावेत आणि आपल्या स्वतःच्या दुकानालाही. दुकानाच्या उंबऱ्यापुढील दोन पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्या रोज चढतो. ज्याला चढता येत नाही तो गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. तो दुसरीकडे जातो.