बुडालेला माल आणि विम्याचा वाद

७ ऑगस्ट २०१० रोजीं सकाळीं न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतून परदेशीं निघालेलें ‘एमएससी चित्रा’ हें जहाज आणि बंदराकडे येणारें ‘खलिजिया-३’ यांची मुंबईजवळच्या समुद्रांत टक्कर झाली. ‘चित्रा’वर सुमारें बाराशें कंटेनर होते. जहाज एका कुशीवर कलंडलें व त्यांतील कित्येक कंटेनर समुद्रांत पडले. तरंगत्या पेट्यांमुळें मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद ठेवावी लागली.

अशा प्रसंगीं मालाच्या धन्याला वाटतें, विमा उतरलेला आहे, तेव्हां पैसे मिळणारच. परंतु नुसता माल गेला एवढ्यावर विमा कंपनी पैसे देत नाहीं. ती दोन गोष्टी विचारते: माल कशामुळें गेला? आणि तो गेला त्या क्षणीं नुकसान कोणाचें झालें?

समजा, भोर तालुक्यांतील भोंगवलीच्या एका व्यापाऱ्यानें अशाच जहाजावर दोन कंटेनर चढविले आहेत. एकांत तांदूळ, दुसऱ्यांत कांदा. टक्कर होऊन तांदूळ समुद्रांत गेला. कांद्याला पाण्याचा थेंबही लागला नाहीं. पण जहाज अडकून पडलें आणि कांदा जागच्या जागीं सडला. तांदळाची भरपाई मिळेल. कारण जहाजांची टक्कर हें संकट सर्वांत अल्प हप्त्याच्या प्रचलित विमापत्रांतही धरलेलें असतें. कांद्याची मात्र बहुधा मिळणार नाहीं. १९६३ च्या सागरी विमा कायद्याचें ५५ वें कलम असें सांगतें कीं, नुकसानीचें निकटचें कारण विलंब हें असेल तर विमा कंपनी जबाबदार नाहीं. मग तो विलंब विम्यांत धरलेल्या संकटामुळें झालेला कां असेना. विमापत्रांत निराळी अट घातलेली असेल तरच गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. एफ. ओ. बी. पद्धतीच्या सौद्यांत माल जहाजावर चढला कीं जोखीम खरेदीदाराकडे जाते. आणि नुकसानीच्या वेळीं ज्याचा मालांत हितसंबंध असेल त्यालाच विम्याची भरपाई मागतां येते. स्पेनला पाठविलेल्या पितळी वस्तूंच्या वादांत २०१० सालींच सर्वोच्च न्यायालयानें हा नियम लागू केला. विमा विक्रेत्यानेंच उतरविला होता. तरी सौदा एफ. ओ. बी. असल्यानें त्याचा हितसंबंध उरला नाहीं व विम्याचा पैसा त्याला मिळाला नाहीं. खरेदीदारानें किंमत चुकती केली नसेल, तर अशा विक्रेत्याचा माल जातो, पैसाही जातो आणि विमाही कामीं येत नाहीं.

म्हणून सौदा ठरवितांनाच विम्याचा विचार झाला पाहिजे. भोंगवलीच्या वखारीपासून बंदरापर्यंतचा ट्रकचा प्रवास विक्रेत्याच्याच जोखमीचा असतो. विमा तेथूनच सुरू व्हावा. खरेदीदार पैसे बुडवील या भीतीसाठीं विक्रेत्याला स्वतंत्र पूरक विमा घेतां येतो. नुकसान दिसतांच कंपनीस कळवून तज्ज्ञाकडून पाहणी करवावी, वाहतूकदारास लेखी सूचना द्यावी, आणि उरलेला माल वांचविण्याची खटपट सोडूं नये. विमा नसता तर शहाण्या माणसानें जेवढी काळजी घेतली असती, तेवढी विमा असूनही घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.