ह्यूम, सिमल्याचे गुरू आणि सात खंड

३ ऑक्टोबर १८८०च्या रात्री सिमल्याच्या जाखू टेकडीवरील ‘रॉथनी कॅसल’ बंगल्यात जेवणे चालू असताना गूढविद्येचा प्रसार करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या सहसंस्थापिका मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी यजमानीणबाईंना विचारले, ‘तुम्हाला खास हवीशी अशी एखादी वस्तू आहे का?’ श्रीमती ह्यूम यांनी हरवलेला ब्रोच सांगितला. तो आईने दिलेला होता, भोवती मोती आणि मागे केसांची बट ठेवण्याची सोय होती. काही वेळाने मंडळी कंदील घेऊन बागेत उतरली आणि ताऱ्याच्या आकाराच्या वाफ्यात सिगारेटच्या कागदात गुंडाळलेला ब्रोच मिळाला. घडलेली हकिकत लिहून नऊ जणांनी सह्या केल्या. त्यांत यजमान ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते, तसेच त्यांच्या पक्षिसंग्रहाचे काम पाहणारे डेव्हिसनही होते.

ह्यूम भोळे नव्हते. १८५७मध्ये इटाव्याचा जिल्हा सांभाळलेला हा अधिकारी पुढे महसूल, शेती व व्यापार खात्याचा सचिव झाला. पक्ष्यांच्या बाबतीत तर पीस न् पीस तपासून पाहणारा हा माणूस. पण १८७९मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने त्यांना सचिवपदावरून काढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे सहकारी कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरून गिरगावात राहू लागले होते. दुखावलेल्या, तरीही हिंदुस्थानासाठी काही करू पाहणाऱ्या ह्यूम यांना थिऑसॉफीने जवळ ओढले, यात नवल नाही.

पुढचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. हिमालयापलीकडील कूटहूमी नावाच्या महात्म्याची पत्रे ‘पायोनियर’चे संपादक सिनेट आणि ह्यूम यांना येऊ लागली. १८८१मध्ये सिमल्यात सोसायटीची शाखा निघाली आणि ह्यूम तिचे अध्यक्ष झाले. ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकातील गूढविद्येवरील लेखमालेचे पहिले लेखांक त्यांचेच. मात्र प्रश्न विचारून थांबण्याचा त्यांचा पिंड नव्हता. उत्तरे हवी होती आणि तीही लवकर. महात्म्यांच्या पत्रांत त्यांच्या अहंकाराविषयी तक्रारी वाढल्या. १८८२मध्ये त्यांनी त्याच मासिकात ‘एच. एक्स.’ या सहीने महात्म्यांच्या वागण्यावर जाहीर टीका केली. त्याच वर्षी अध्यक्षपदही सोडले.

या लेखांकात ब्लाव्हाट्स्की यांचे जुने सहकारी असलेल्या कूलोम दांपत्याकडील, ब्लाव्हाट्स्की यांच्या नावावरील पत्रांचे प्रकरण येणार होते. परंतु ‘काँग्रेस स्थापन करण्याची बुद्धी ह्यूमना पोलिसांच्या गुप्त अहवालांवरून झाली का?’ अशी विचारणा वाचकांकडून झाली. तिचे उत्तर ह्यूम यांच्या या गुरुश्रद्धेतच दडलेले असल्याने ते आधी देणे योग्य.

ह्यूम यांचे सहकारी वेडरबर्न यांनी १९१३मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ह्यूम यांचे एक टिपण आहे. लिटन जाण्याच्या सुमारे १५ महिने आधी आपल्याला ७ मोठे खंड दाखवण्यात आले, त्यांत जिल्हावार मांडलेले, ३०,०००हून अधिक वार्ताहरांचे वृत्तांत होते आणि गरीब जनता निराशेने पेटण्याच्या बेतात होती, असे ते सांगतात. लाला लजपतराय यांनी ‘यंग इंडिया’त याच चरित्राचा आधार घेऊन काँग्रेस म्हणजे साम्राज्याचा ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ असे म्हटले, आणि तो शब्द पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला.

मूळ मजकूर नीट वाचला तर वेगळेच दिसते. हे वार्ताहर पोलिसांचे हेर नव्हते. ते निरनिराळ्या गुरूंचे शपथबद्ध चेले होते. गुरूंशी ते खोटे बोलणार नाहीत, म्हणून त्यांचे वृत्तांत खरे, असे समर्थनही तिथेच दिले आहे. इतिहासकार बिपन चंद्र यांनी या तपशिलावर बोट ठेवले. ३०,००० वार्ताहर ठेवणारे गुप्तहेर खाते तेव्हाच्या सरकारजवळ नव्हते आणि असे खंड दप्तरखान्यात कुणाला सापडलेले नाहीत. शाखा सोडली तरी ह्यूम यांची महात्म्यांवरील श्रद्धा सुटली नाही. व्हाइसरॉय रिपन यांना लिहिलेल्या पत्रांतही त्या अदृश्य सल्लागारांचा उल्लेख येतो.

म्हणून ७ खंडांना सरकारी पुरावा मानता येत नाही. १८७६–७८चा दुष्काळ आणि १८७५चे दख्खनचे दंगे खरेच होते, ह्यूम यांची काळजीही खरी होती. पण त्या खंडांच्या बळावर काँग्रेसला सरकारी डाव ठरवणे चुकीचे आहे. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी जमलेले ७२ प्रतिनिधी स्वतःची गाऱ्हाणी घेऊन आले होते.

त्याच डिसेंबरात लंडनमध्ये, ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांची चौकशी करणाऱ्या हॉजसनचा अहवाल निघाला. सिमल्याच्या ब्रोचसारखाच एक ब्रोच ब्लाव्हाट्स्की यांनी आधी मुंबईत दुरुस्तीला दिला होता, असे त्यात नमूद आहे. तो अहवाल आणि कूलोम पत्रे पुढील आठवड्यात.