टेकअवे करीचे पथ्यापथ्य : ब्रिटनमधील पाऊणशे वर्षांचा मागोवा

ब्रिटनमध्ये भारतीय पद्धतीच्या खाणावळीतून बांधून घरी नेण्याच्या जेवणाला ‘इंडियन टेकअवे’ म्हणतात, आणि हे जेवण प्रकृतीला कितपत मानवते हा प्रश्न तेथील आहारतज्ज्ञ, अन्ननिरीक्षक आणि ग्राहक यांच्यापुढे गेली चाळीस वर्षे निरनिराळ्या रूपांत येत राहिला आहे. त्याचा विचार करताना बहुतेकांनी दोष किंवा श्रेय भारतीय पाकपरंपरेच्या पदरात टाकले; कोणी तुपाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर कोणी हळदीचे गुण गायले. प्रत्यक्षात या जेवणाचे पथ्यापथ्य ठरवले ते दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश शहरांत आकाराला आलेल्या एका विशिष्ट स्वयंपाकघराने, त्याच्या घाईने आणि त्याच्या काटकसरीने.

महायुद्धापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. साके दीन महोमेद यांनी १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले, पण १८१२ मध्येच त्यांचे दिवाळे निघाले. १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर सुरू झालेले ‘वीरास्वामी’ दीर्घकाळ टिकले, तरी त्याचा ग्राहकवर्ग सुखवस्तूंचा होता. सामान्य ब्रिटिश माणसाच्या ताटात करी आणली ती आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातून आलेल्या खलाशांनी. ब्रिटिश जहाजांवर कामाला असलेल्या आणि पुढे किनाऱ्यावरच राहिलेल्या या माणसांनी युद्धानंतर मोडकळीला आलेली चहाची आणि मासे-बटाट्याची दुकाने स्वस्तात घेतली, जुन्या पदार्थांसोबत करी-भात ठेवला आणि मद्यगृहे बंद झाल्यानंतर बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी रात्री उशिरापर्यंत चूल पेटती ठेवली. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या आगेमागे त्यांची कुटुंबेही मोठ्या संख्येने आली, धंदा फोफावला, आणि ‘इंडियन’ पाटीच्या बहुसंख्य दुकानांची मालकी बांगलादेशी कुटुंबांकडे राहिली. भुकेलेले, थोडेफार प्यालेले, लवकर आणि स्वस्तात भरपेट जेवू पाहणारे हे गिऱ्हाईक लक्षात घेतले, म्हणजे पुढच्या साऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

या स्वयंपाकघराचा कणा म्हणजे ‘बेस ग्रेव्ही’, अर्थात सर्व प्रकारच्या करींसाठी एकदाच करून ठेवलेला सामाईक रस्सा. दुपारी मोठ्या पातेल्यात किलोवारी कांदे, जोडीला थोडे गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो, आले-लसूण, हळद, मीठ आणि सढळ हाताने तेल घालून तो बराच वेळ शिजवतात, घोटून गुळगुळीत करतात आणि पातळ करून शेगडीशेजारी ठेवतात. कोंबडी आणि मटणही आधीच मसाल्यात शिजवून ठेवलेले असते. संध्याकाळी मागणी आली की आचारी पसरट तव्यात तेल तापवतो, त्यात आले-लसणाचे वाटण, मिश्र मसाला आणि टोमॅटोची प्युरी परततो, पळीपळीने बेस ग्रेव्ही ओतून मोठ्या आचेवर आटवतो, मांसाचे तुकडे सोडतो आणि कडेने तेल सुटले की दहा मिनिटांच्या आत करी डब्यात भरतो. ही पद्धत कौतुकास्पद आहे. दोन-तीन माणसांनी रात्रीत शेकडो पानांची सोय करावी अशी ती योजना आहे, आणि कांदा-टोमॅटोचा भरणा हा तिचा गुणही आहे. परंतु तीत तेल तीनदा पडते : ग्रेव्हीत, मांस शिजवताना आणि शेवटच्या परतणीत, मिठाचेही तेच होते. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, म्हणजे एका माणसाच्या डब्यात असे तीन चमचे उतरले तरी मांस, भात आणि नान मोजण्याआधीच साडेतीनशेहून अधिक कॅलरी जमा होतात. ॲल्युमिनियमच्या डब्याचे पुठ्ठ्याचे झाकण दुसऱ्या दिवशी उघडल्यावर रश्श्यावर जो केशरी थर थिजलेला दिसतो, तो या हिशेबाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय.

एकाच रश्श्यातून निघालेल्या करींमधला आरोग्याचा फरक मग वरून काय घालतात यावर ठरतो. मद्रास आणि जालफ्रेझी यांत तिखट, लिंबू, हिरवी मिरची पडते; कोर्मा, पसंदा आणि टिक्का मसाला यांत मात्र साय, नारळाची किंवा बदामाची पूड आणि साखर पडते, त्यामुळे जिभेला सौम्य लागणारी करीच बहुधा पोटाला जड असते. गोव्यातील विंदालू हा शिर्का आणि लसूण यांत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा पदार्थ असून ब्रिटनमध्ये तो बटाटा घातलेल्या झणझणीत करीचे नाव झाला. पारशी धनसाकाची डाळ गोडसर बनली, क्वचित तिच्यात अननसही आला. मूळ चव हरवली ही हळहळ रास्त आहे, पण डाळीमुळे धनसाकात तंतू आणि प्रथिने राहिली, हेही नोंदवले पाहिजे. तंदुरी मांस या रश्श्याच्या वाटेलाच जात नाही, म्हणून ते सर्वांत हलके ठरते.

१९८० च्या दशकात चर्चा रश्श्याऐवजी तुपाकडे वळली. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार अधिक आढळत होता, आणि १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तुपातील प्राणवायूची प्रक्रिया झालेल्या कोलेस्टेरॉलकडे बोट दाखवणारा निबंध आला. पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण अधिक पटणारे होते : पोटाभोवती साठणारी चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारे शरीर हे त्यांना मुख्य कारण दिसले. तरीही ‘तूप म्हणजे करीचा दोष’ ही समजूत टिकली, आणि वनस्पती तुपाचे डबे कमी किमतीमुळे कितीतरी स्वयंपाकघरांत राहिले. तेलावर अर्धवट हायड्रोजन चढवून गोठवलेल्या अशा तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल वाढवून हितकारक कोलेस्टेरॉल घटवणारी मेदाम्ले असतात, ही गोष्ट १९९० च्या डच संशोधनानंतर स्पष्ट झाली. साजूक तुपावर इतकी शाई खर्च होत असताना अधिक मोठा अपराधी शेजारच्याच डब्यात होता, हे या इतिहासातले सर्वांत खेदजनक पान आहे.

खाद्यरंगांच्या बाबतीत मात्र यंत्रणा वेळेवर जागी झाली. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हटले. २००४ साली सरे परगण्याच्या निरीक्षकांनी १०२ उपाहारगृहांतील हाच पदार्थ तपासला, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी कृत्रिम रंग कायदेशीर मर्यादेपलीकडे निघाले. पुढल्याच वर्षी सुदान-१ या बंदी असलेल्या रंगाने भेसळलेली मिरची पूड आढळल्याने शेकडो तयार खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. २००७ च्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगात काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणांचा मुलांच्या चंचलतेशी संबंध दिसला आणि २०१० पासून असे सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापणे युरोपात सक्तीचे झाले.

मिठाचा लढा याहून अवघड निघाला. प्रौढाने दिवसाला ६ ग्रॅमच्या वर मीठ खाऊ नये, असा निर्वाळा २००३ मध्ये सरकारी वैज्ञानिक समितीने दिला, उत्पादकांना टप्प्याटप्प्याने उद्दिष्टे आखून दिली गेली, आणि इंग्लंडमधील सरासरी सेवन दशकभरात साडेनऊ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. हे यश कारखान्यांचे होते. तेथे एका कृतीत बदल केला की लाखो डबे बदलतात. त्यामुळे सुपरमार्केटातील तयार टिक्का मसाल्यावर मीठ, साखर आणि चरबी यांचे आकडे छापून आले, पण हजारो गल्ल्यांतील हजारो आचाऱ्यांचा अंदाजाचा हात होता तसाच राहिला. करीसोबत पुलाव, नान, पापड आणि लोणचे मागवले तर त्या एका जेवणातच दिवसभराचे मीठ ओलांडले जाऊ शकते.

काटकसर प्राणावर कशी बेतते, हे २०१४ च्या जानेवारीत दिसले. उत्तर यॉर्कशायरमध्ये बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त, शेंगदाणायुक्त मिश्रण वापरलेल्या टेकअवे करीमुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका ग्राहकाचा मृत्यू झाला आणि २०१६ साली मालकाला मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच २०१४ सालच्या डिसेंबरपासून चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे प्रत्येक खाणावळीवर बंधनकारक झाले होते. २०२२ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये पदार्थांसमोर कॅलरी छापण्याची सक्ती आली, परंतु ती २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांपुरती. कोपऱ्यावरचे करी हाऊस तिच्या कक्षेबाहेर राहिले.

अशा स्थितीत ग्राहकाच्या हाती पदार्थांची यादी तेवढी उरते, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्लाही तिच्याच आधारे दिला जातो : तंदुरी, मद्रास किंवा जालफ्रेझी, साधा भात किंवा चपाती घ्यावी, कोर्मा, पसंदा, भजी, पुलाव आणि नान टाळावेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तर हा सल्ला अधिक काटेकोरपणे पाळावा, कारण आशियाई वंशाच्या लोकांसाठी वजनाचा धोका उंचीशी त्याचे प्रमाण दाखवणाऱ्या निर्देशांकाच्या २५ ऐवजी २३ वरच सुरू होतो, असे तेथील मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले आहे. बाहेरच्या डब्यातील करी ओळखीच्या नावाची असली, तरी तिला घरच्या आमटी-भाजीच्या बरोबरीने रोजच्या जेवणात धरू नये.