अँडीजच्या द्राक्षबागा : उंचीचा आकडा आणि पाटाचे पाणी

अर्जेंटिनाच्या पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पायथ्याशी आणि त्याच्या अंतर्गत दऱ्यांमध्ये पिकणाऱ्या वाइनच्या द्राक्षांविषयी गेल्या तीसेक वर्षांत जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या एका आकड्याभोवती फिरत राहिले आहे. बाटलीच्या लेबलावर मीटर छापले जातात आणि जितके मीटर अधिक तितकी वाइन श्रेष्ठ, असा हिशेब ग्राहकाच्या मनात रुजवला जातो. उंचीचा परिणाम खरा आहे, यात शंका नाही. दर शंभर मीटर चढाला हवेचे सरासरी तापमान साधारण 0.6 अंश सेल्सिअसने उतरते, रात्री झपाट्याने गार होतात, त्यामुळे मण्यात साखर भरत असताना आम्लता टिकून राहते आणि विरळ हवेतून येणाऱ्या अतिनील किरणांना तोंड देण्यासाठी वेल सालीत अधिक रंगद्रव्ये व टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, साठवते. मेंडोसा प्रांतातील संशोधकांनी 1450 मीटरवरच्या माल्बेक या लाल द्राक्षजातीच्या बागेत काही वेलींवरचे अतिनील किरण आवरण घालून अडवले आणि काही वेलींवर पडू दिले, तेव्हा उघड्या वेलींच्या सालीत ही द्रव्ये अधिक आढळली, मात्र उत्पन्न घटले. म्हणजे उंची काही देते आणि त्याची किंमतही वसूल करते.

परंतु हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, कारण त्याला अक्षांशाची जोड दिल्याशिवाय अर्थ येत नाही. मेंडोसा शहर दक्षिण अक्षांश 33च्या जवळ साडेसातशे मीटरवर आहे, तर साल्ता प्रांतातील काफायाते विषुववृत्ताकडे सात अंश अलीकडे, सुमारे 1700 मीटरवर आहे. तेथे द्राक्ष पिकते ते नुसत्या उंचीमुळे नव्हे, तर त्या अक्षांशाची उष्णता उंचीने कापली जाते म्हणून. उत्तर अक्षांश 20च्या जवळ सहाशे मीटरवर असलेल्या नाशिकच्या बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे थंडी वेलीला झोपवण्याइतकी पडत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनी तिचे वर्ष माणसालाच आखून द्यावे लागते. काफायातेची वेल जुलैत आपोआप निष्पर्ण होऊन विसावते. या विश्रांतीची गणना उंचीच्या बढाईत कोणी करत नाही.

याहूनही मोठी उपेक्षा झाली आहे ती पाण्याची. मेंडोसात वर्षाला पाऊस पडतो तो सुमारे 200 मिलिमीटर, आणि त्यातलाही बराचसा उन्हाळ्यात, अनेकदा गारांसह. म्हणूनच तेथे वेलींवर काळ्या जाळ्यांची छपरे दिसतात. द्राक्ष जगते ते वितळलेल्या हिमाच्या पाण्यावर, आणि ते पाणी शेतापर्यंत आणणारे पाट खोदण्यास सुरुवात केली वार्पे लोकांनी, स्पॅनिश येण्याच्या आधी. इंका राज्य तेथवर पोहोचले तेव्हाही पाट होते; पुढे वसाहतीने तेच वाढवले. आजही मेंडोसा शहराच्या रस्त्यांच्या कडेने वाहणाऱ्या आसेकिया, म्हणजे उघड्या दगडी नाल्या, झाडांची मुळे भिजवत जातात. 1884च्या प्रांतिक जलकायद्याने पाण्याचा हक्क माणसाला न देता जमिनीला जोडला, त्यामुळे जमीन विकली की तिच्याबरोबर तिचे पाणीही जाते, पण जमीन सोडून नुसते पाणी विकता येत नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून चालवलेल्या फड पद्धतीत पाटकरी ज्या अधिकाराने पाणी सोडतो, त्याच अधिकाराने मेंडोसाचा तोमेरो, म्हणजे पाटाचा दरवाजा सांभाळणारा माणूस, ठरलेल्या पाळीला लोखंडी झडप उचलतो. वर्षानुवर्षे पाळी सांभाळणारा शेतकरी फावडे घेऊन सरीच्या तोंडाशी उभा राहतो, गढूळ पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवतो, मातीचा बांध फोडतो आणि पुन्हा बांधतो. पाणी शेवटच्या वेलीला पोहोचून थबकले की वरचे तोंड बंद होते. या पाण्याबरोबर पर्वताचा गाळ येतो, आणि झिरपलेले पाणी भूजलात भर घालते. अर्जेंटिनात फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड असूनही बहुसंख्य वेली कलमाविना, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. वाळूमिश्रित माती आणि पाटाचे पाणी यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते.

मेंडोसाचा पुढचा इतिहास सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात सांगून पुढे जाता येते. 1853 मध्ये मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाकडे कृषिशाळा सोपवली गेली आणि फ्रान्समधील जातींबरोबर माल्बेक तेथे पोहोचली. 1861च्या भूकंपाने शहर जमीनदोस्त झाले. 1885 मध्ये रेल्वे आली, तिच्यामागोमाग इटली आणि स्पेनमधून स्थलांतरित आले, आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग घाऊक, स्वस्त वाइनच्या उत्पादनात सरला. 1970च्या सुमारास एक अर्जेंटिनी माणूस वर्षाला सुमारे नव्वद लिटर वाइन पीत असे. पुढे मागणी कोसळली आणि 1980च्या दशकात फार मोठ्या क्षेत्रावरच्या वेली उपटल्या गेल्या. वाइन-उत्पादक निकोलास कातेना यांनी 1992 मध्ये तुपुंगातोजवळच्या ग्वालतायारीत साधारण 1450 मीटरवर अद्रियाना नावाची बाग लावली, तेव्हा तेथे लाल द्राक्ष पिकणार नाही असे अनेकांचे मत होते. त्या बागेने हे मत खोटे ठरवले, आणि चुनखडीचा पांढरा लेप चढलेले गोटे असलेल्या तिथल्या मातीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, हे श्रेय निर्विवाद आहे.

मात्र माल्बेकच्या या यशकथेच्या झगमगाटात काफायाते ज्यांत वसले आहे त्या काल्चाकी दऱ्यांची कथा मागे पडली, आणि खरे पाहता अँडीजच्या द्राक्षाचे मूळ स्वरूप तेथेच टिकून आहे. धर्मोपदेशकांसाठी स्पॅनिशांनी जी वेल आणली तिला तेथे क्रिओया चिका म्हणतात. मूळ स्पेनमधली ही लिस्तान प्रिएतो, चिलीतील पाईस आणि कॅलिफोर्नियातील मिशन या नावांनी ओळखली जाणारी तीच जात. पुढे अलेक्झांड्रियाची मस्कत आणि ही क्रिओया चिका यांचा बागांतच नैसर्गिक संकर होऊन तोरोन्तेस रिओहानो जन्माला आली, आणि हे आता जनुकीय तपासणीने निश्चित झाले आहे. म्हणजे पांढऱ्या वाइनची ही एक थोर जात युरोपातून आणलेली नसून अमेरिकेच्या मातीत घडलेली आहे. सानहुआनिनो नावाची दुसरी तोरोन्तेस याच दोन आईबापांची आहे. तरीही क्रिओयाला हलक्या दर्जाची ठरवणारे पंडित आहेत. ते क्रिओया चिकाची गल्लत क्रिओया ग्रांदे आणि सेरेसा या घाऊक वाइनसाठी भरमसाट लावलेल्या गुलाबी जातींशी करतात आणि एका कुळाच्या नावाखाली सर्वांना एकाच मापाने मोजतात.

काफायातेची जुनी तोरोन्तेस पाराल पद्धतीवर, म्हणजे मांडवावर, वाढवलेली आहे, आणि या मांडवाविषयी जितके तुच्छतेने लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी लिहिले गेले असेल. तारेवर उभ्या भिंतीसारखी वेल बांधावी, पाने मर्यादित ठेवावीत, घड उघडे पडावेत, हा युरोपातील थंड प्रदेशांचा धडा तेथून येणारे सल्लागार जसाच्या तसा सांगतात. परंतु जेथे वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते आणि ऊन थेट शिरते, तेथे उघडा घड भाजतो आणि मस्कतसारख्या सुवासिक जातीचे वास देणारे द्रव्य, ज्याला लिनलूल म्हणतात, उडून जाते. माथ्यावरच्या मांडवाखाली घड पानांच्या सावलीत लोंबतात. दुपारी त्याखाली वाकून चालताना वर पाहिले तर मणी हिरवट पिवळे, थोडे पारदर्शक दिसतात, आणि पानांच्या फटीतून ऊन पडलेला एखादाच घड अंबरासारखा तांबूस झालेला असतो. जाणकार तोडणारा तो घड वेगळा ठेवतो, कारण त्याचा कडसरपणा रसात उतरू नये. शिवाय थंड हवा जमिनीलगत साचत असल्याने पानोरा उंच असलेल्या मांडवाला हिवाळ्यानंतरच्या उशिरा पडणाऱ्या दहिवराचा तडाखा थोडा कमी बसतो. तोरोन्तेसची परीक्षा तोडणीच्या दिवसात आहे: चार दिवस लवकर तोडली तर गंध भरत नाही, उशिरा तोडली तर कडू होते.

काफायातेच्या उत्तरेला मोलिनोसच्या बाजूस कोलोमे येथे 1831 पासून द्राक्षाची लागवड चालू आहे. 2001 मध्ये डोनाल्ड हेस या उद्योजकाने ती जुनी वाइनरी घेतली आणि पुढे पायोगास्ताजवळ 3111 मीटरवर आल्तुरा माक्सिमा ही बाग लावली. उंचीच्या विक्रमांच्या याद्यांत या बागेचे नाव सतत येते, पण त्याच दऱ्यांत घरोघरी पायांनी द्राक्ष तुडवून केली जाणारी पातेरो वाइन, जिच्यामुळे क्रिओयाच्या जुन्या वेली कुंपणाकडेला जगल्या, तिचा उल्लेख एखाद्या ओळीवर भागवला जातो. हल्ली काही तरुण वाइनकार जुन्या क्रिओयाचे घड वेगळे तोडून त्यांच्या फिकट रंगाच्या, पिण्यास हलक्या लाल वाइन बाटल्यांत भरू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते पोहोचण्याआधीच कित्येक मांडव उपटले गेले, कारण यंत्राने तोडणी होत नाही, मजूर मिळत नाहीत आणि स्वस्त द्राक्षाला भाव येत नाही.

ठिबक सिंचनाने दुसराच प्रश्न उभा केला आहे. पूर्वी द्राक्ष पाटाच्या वर जाऊ शकत नव्हते, कारण पाणी उताराने वाहते. बोअरवेल आणि ठिबक आल्यापासून मेंडोसातील उको खोऱ्यात बागा पाटाच्या पातळीच्या वर सरकल्या आणि त्यालाच उंचीची प्रगती म्हटले गेले. 2010 पासून मेंडोसात बहुतेक वर्षी हिमवर्षाव तुटपुंजा झाला आहे, नद्यांचे पाणी घटले आहे, आणि पाळ्यांमधील अंतर वाढले आहे. अशा वेळी उगमाजवळ होणारा उपसा टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याला सोसावा लागतो, आणि त्या शेवटाकडच्या जमिनींतच जुनी क्रिओया आणि जुनी माल्बेक गाळाच्या मातीत उभ्या आहेत. लेबलावर बागेची उंची छापणाऱ्यांनी तिचे पाणी पाटाचे की बोअरवेलचे, हेही छापायला हवे.