एन्ट्रीची टाळी

तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा उघडतो. समोर दिवाणखाना असतो. एखादा गडी खुर्च्यांवरची धूळ झटकत असतो, नाहीतर घरातली सून टेलिफोनवर बोलत असते. चार-दोन वाक्ये होतात न होतात तोच दार उघडून ‘तो’ आत येतो आणि सारे नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जाते. अजून त्याने तोंडातून एक अक्षरही काढलेले नसते!

हीच ती एन्ट्रीची टाळी. नाटकवेड्या मराठी कुटुंबाला ती काही नवी नाही; आपणही ती अनेकदा दिली असेल. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिकडच्या नामवंत नटांनाही ती मिळते. तेव्हा हे खूळ एकट्या मराठी माणसाचे, असे कोणी समजू नये. मला मात्र नेहमी एक प्रश्न पडतो, की ही टाळी नेमकी कोणाला?

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर लखोबा लोखंड्याची निरनिराळी सोंगे घेऊन उभे राहत. आरोपी कोर्टाला छातीठोकपणे सांगणार, की तो मी नव्हेच. आणि नवा वेष दिसताच टाळी वाजली, तर तिचा अर्थ एकच, की बाबा रे, तोच तू! १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’ मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर लाल्या होऊन आले, तेव्हा त्यांच्या एन्ट्रीच्या टाळीची तर आख्यायिकाच झाली. २०१८ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यांना कधीही न पाहिलेल्या पोरांनाही ती टाळी ठाऊक झाली. पण प्रवेश करताक्षणी लाल्याने असे काय केलेले असते? काहीच नाही. टाळी घाणेकरांना असते, लाल्या आपला मध्ये उभा!

बरे, ही टाळी पेलणेही सोपे नाही. मुरलेला नट प्रेक्षकांकडे पाहत नाही, हसत नाही आणि वाक्य बोलण्याची घाईही करीत नाही. पाठीमागे दार लावून घेणे, चष्मा पुसणे, असे काहीतरी भूमिकेला साजेसे करीत तो थांबतो. टाळी ओसरू लागली, पण पुरती विझली नाही, अशा वेळी तो पहिला शब्द टाकतो. अनुभवी नाटककारही नायकाचे पहिले वाक्य बिनमहत्त्वाचे ठेवतो. टाळीत वाहून गेले तरी कथेचे काही अडत नाही.

पण दुसऱ्याचे वाक्य वाहून गेले तर?

माझा एक भाचा काही वर्षे व्यावसायिक नाटकांतून छोटी-मोठी कामे करीत असे. एका नाटकात तो गडी होता. “मामा, मला मोजून तीन वाक्यं होती,” तो सांगत होता, “आणि तिसरं निम्मं झालं, की साहेबांची एन्ट्री! ‘गावाहून तार आली आहे’ हे कोणाला ऐकूच जायचं नाही.”

“मग तू काय करायचास?”

“तांब्या पुसत उभा राहायचो. लोकांना वाटत असेल, गडी भलताच कामसू आहे!”

पाच-सहा प्रयोग असेच गेले. मग एका रात्री टाळ्या शांत झाल्यावर त्या मोठ्या नटाने आपले वाक्य बाजूला ठेवले आणि भूमिकेतच विचारले, “काय म्हणालास रे?” भाच्याने तारेची बातमी पुन्हा सांगितली, सगळ्या नाट्यगृहाने ऐकली. तेव्हापासून तो प्रश्न नाटकात कायमचा राहिला. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा जड झाला होता.

रंगमंचावर येणारा माणूस मागे काय ठेवून येतो, ते आपल्याला दिसत नाही. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले. त्या रात्री मुलीचा बाप विंगेतच राहिला आणि समोर आली ती भामिनी. नट आपले नाव, आपले घर, आपले दुःख असे विंगेत ठेवून येतो आणि आपण मात्र टाळी वाजवून त्याला त्याच नावाने परत हाक मारतो!

आता कोणी म्हणेल, मग काय हात बांधून बसायचे? तसे मुळीच नाही. आजारातून उठलेला जुना नट बऱ्याच दिवसांनी समोर आला, तर हात आपोआप जुळणारच. ते घरच्या माणसाचे स्वागत आहे. १९७० साली आलेल्या कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ची तर सुरुवातच अप्पासाहेब बेलवलकरांच्या सत्काराने होते. डॉ. श्रीराम लागूंना तिथे टाळी मिळाली, तर ती बेलवलकरांच्याही हक्काची होती. नट आणि भूमिका एकाच टाळीत मावावीत, असा योग क्वचितच येतो.

एरवी मला ही टाळी उचल दिल्यासारखी वाटते. उचल कामाआधी मिळते, जुन्या कामाच्या भरवशावर. तीत प्रेम असते, विश्वास असतो. पण आजची मजुरी तीत नसते. ती द्यायची शेवटच्या पडद्याला. आणि त्या वेळी आपण काय करतो? निम्मी मंडळी चपला चाचपत असतात, कोणाला शेवटची गाडी गाठायची असते, कोणाचे पोर पेंगुळलेले असते. आगाऊ रक्कम सढळ हाताने आणि खरा हिशेब घाईघाईत, हा व्यवहार काही शहाण्या गृहस्थाला शोभत नाही.

दिवाळीचा फराळ आटोपला, की आपण सहकुटुंब नाटकाला जालच. आवडता नट आला, तर खुशाल टाळी द्या. फक्त समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्या. शेवटी सगळे कलावंत रांगेने उभे राहतील, तेव्हा दोन मिनिटे थांबा. रांगेच्या टोकाला तो तांब्यावाला गडीही उभा असेल.