पात्याची परीक्षा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ब्लाइथ हे एकेकाळी कोळशाचं बंदर होतं. नॉर्थम्बरलँडच्या खाणींतला कोळसा इथून जहाजांत चढायचा. पुढे खाणी बंद पडल्या, जहाजबांधणीही थांबली. 2019 मध्ये याच गावात फ्रान्समधल्या शेरबूरच्या कारखान्यातून 107 मीटर लांबीचं एक पातं आणलं गेलं. ते पवनचक्कीवर चढवायचं नव्हतं. ते वाकवायचं होतं, महिनोन्‌महिने हलवायचं होतं आणि कुठे चीर पडते का ते पाहायचं होतं.

हे पातं जीई कंपनीच्या ‘हॅलियाड-एक्स’ या समुद्री टर्बाइनचं. अशी तीन पाती जोडली की चक्राचा व्यास 220 मीटर होतो. यंत्र पूर्ण भरात असताना पात्याचं टोक ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाने फिरतं. चक्राची गती मात्र मिनिटाला सात-आठ फेऱ्यांचीच. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला तर फेऱ्यांची संख्या 10 कोटींच्या आसपास जाते. प्रत्येक फेरीत पातं वर जाताना आणि खाली येताना त्याचं स्वतःचं वजन त्याला एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला वाकवतं. वाऱ्याचे झोत वेगळेच.

हा पंचवीस वर्षांचा शीण काही महिन्यांत कसा घडवायचा? पात्याचं बूड भिंतीसारख्या भक्कम आधाराला बोल्टांनी आवळतात. आधी दोरखंड आणि विंच लावून ते वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि अंगभर चिकटवलेल्या संवेदकांवर ताण मोजतात. मग खरी कसोटी. पात्याला त्याच्या स्वतःच्या नैसर्गिक लयीत हलवत ठेवतात, म्हणजे थोड्या जोरात मोठा झोका मिळतो. भार प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणून कमी झोक्यांत तेवढीच झीज होते. तरीही वेळ लागतोच, कारण पातं जितकं लांब तितकी त्याची लय संथ. दोन सेकंदांना एक झोका धरला, तर 10 लाख झोक्यांना अहोरात्र 23 दिवस लागतात. आणि हे झालं एका दिशेचं. शेवटी थकलेल्या पात्याला पुन्हा ओढून पाहतात. आयईसी 61400-23 या आंतरराष्ट्रीय मानकात ही सगळी रीत ठरवून दिली आहे.

ही परीक्षा घेणारं ब्लाइथचं केंद्र ‘ऑफशोअर रिन्यूएबल एनर्जी कॅटापुल्ट’ या सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या संशोधन संस्थेचं. जीईने 2018 मध्ये तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. पात्यापाठोपाठ टर्बाइनचं मनोऱ्यावरचं डोकं, म्हणजे जनित्र सामावणारं 600 टनांहून जड नॅसेल, तेही इथल्या 15 मेगावॉटच्या चाचणीमंचावर आलं. तिथे वाऱ्याऐवजी प्रचंड मोटर आस फिरवते आणि वीजजाळ्यातले बिघाड मुद्दाम घडवून यंत्र कसं वागतं ते तपासलं जातं. असा मंच एकट्या कंपनीलाही उभारता येईल, पण तो एका यंत्रानंतर रिकामा पडेल. शिवाय आपल्याच मालाला आपणच दिलेली शाबासकी बँका आणि विमा कंपन्या किती मानणार?

ही बाहेरच्याने तपासण्याची परंपरा डेन्मार्कने घालून दिली. 1978 मध्ये तिथल्या रिसो प्रयोगशाळेत पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र सुरू झालं. पुढच्याच वर्षी सरकारने पवनचक्की घेणाऱ्यांना 30 टक्के अनुदान जाहीर केलं, आणि ते मिळायचं रिसोची मान्यता असलेल्या चक्कीलाच. डॅनिश उद्योग जगात पुढे गेला त्यात या एका अटीचा वाटा मी फार मोठा मानतो. लहानलहान कारखानदारांना शास्त्रज्ञांचं ऐकणं भाग पडलं, आणि शास्त्रज्ञांना शेतावरच्या मोडतोडीकडे पाहणं. आज त्याच देशात युटलँडच्या वायव्येला ओस्टेरिल्ड इथे डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाचं मैदान आहे. 2022 च्या डिसेंबरात वेस्टास या डॅनिश कंपनीने आपलं 15 मेगावॉटचं पहिलं यंत्र तिथेच उभं केलं.

हॅलियाड-एक्सचा पहिला नमुना रॉटरडॅमच्या बंदरात 2019 मध्ये उभा राहिला. तिथली मोजमापं आणि चाचणीशाळांतले निकाल तपासून डीएनव्हीने 12 मेगावॉटच्या या यंत्राला 2020 मध्ये प्रमाणपत्र दिलं. डीएनव्ही ही 1864 मध्ये जहाजांच्या तपासणीसाठी स्थापन झालेली नॉर्वेची संस्था. पुढे तेच यंत्र 13 मेगावॉटचं झालं, मग 14 चं.

13 जुलै 2024 रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळच्या ‘व्हिनयार्ड विंड’ प्रकल्पात अशाच एका टर्बाइनचं पातं तुटलं. फायबरग्लास आणि फोमचे तुकडे नँटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले, ऐन उन्हाळी हंगामात तिथले किनारे बंद करावे लागले. कंपनीने काही दिवसांतच कारण सांगितलं: कॅनडातल्या गास्पे कारखान्यात पात्याचे भाग चिकटवताना जोड नीट धरला नव्हता, आणि गुणवत्ता तपासणीत ते सापडायला हवं होतं. त्यानंतर तिथे बनलेल्या सुमारे 150 पात्यांची अल्ट्रासाउंड तपासणी नव्याने करावी लागली.

मग ब्लाइथची परीक्षा फुकट गेली का? मुळीच नाही. ती परीक्षा आराखड्याची होती. प्रमाणपत्र मिळतं ते यंत्राच्या प्रकाराला. कारखान्याच्या पद्धतीचीही त्यासाठी पाहणी होते, पण साच्यातून निघणारं प्रत्येक पातं भिंतीला आवळून महिनोन्‌महिने हलवता येत नाही. मधल्या जागेत उरतो तो कारखान्यातला कामगार, त्याच्या हातातलं गोंदासारखं रेझिन, आणि ते तपासणाऱ्याची नजर. उद्योग आणि संशोधन संस्था यांची भागीदारी या जागेपर्यंत अजून पुरेशी पोचलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं. चाचणीत काय निकामी झालं हे कराराच्या गोपनीयतेत राहतं. विमान वाहतुकीत अपघाताचे अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात आणि म्हणूनच एका कंपनीच्या चुकीतून दुसरी शिकते. समुद्रातल्या वाऱ्याच्या बाबतीतही हे व्हायला हवं. यंत्रं दर काही वर्षांनी वाढत असताना तर अधिकच.

आपल्याकडे हा विषय आता दारात आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपली चाचणी परंपरा आहे ती चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेची आणि तमिळनाडूतल्या कायथर केंद्राची, पण ती घडली जमिनीवरच्या यंत्रांवर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन या पवनचक्की कंपनीचा अनुभवही जमिनीवरचाच.

खंभातच्या आखातात, सौराष्ट्रातल्या पिपावावजवळ वारा मोजण्याचं उपकरण 2017 मध्येच बसलं. मे 2021 मध्ये कोकण आणि मुंबईला झोडपत गेलेलं तौक्ते चक्रीवादळ त्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उना-दीवजवळ धडकलं. टर्बाइनच्या आराखड्यासाठी आयईसीचं वेगळं मानक आहे; त्याच्या 2019 च्या आवृत्तीत उष्णकटिबंधीय वादळांसाठी वेगळी श्रेणी आहे. तीत सेकंदाला 57 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 205 किलोमीटर वारा धरून यंत्राचा हिशेब करतात. उत्तर समुद्रासाठी प्रमाणित झालेलं यंत्र तसंच्या तसं इथे उभं करू नये. निविदेत ही श्रेणी मागावी, आणि प्रकाराच्या प्रमाणपत्रासोबत प्रत्येक पात्याच्या जोडांच्या अल्ट्रासाउंड नोंदीही मागाव्यात. त्या नोंदी चेन्नईच्या संस्थेकडे जमा व्हाव्यात, आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या संशोधकांना त्या अभ्यासायला मिळाव्यात.